फताड्याचा सातवा भाग

चोवीस पानांचं एक पुस्तक मी एका मुलीला दिलं नाही. एवढीच गोष्ट आहे. ऐकणारा म्हणेल, त्यात काय मोठंसं, पुढच्या आठवड्यात द्यायचं होतं. मीही तेव्हा असंच म्हटलं असतं. पण तिच्याकडे चारच दिवस होते आणि ते मला माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायची गरजही वाटली नव्हती, कारण वाचकाचं सगळं मला त्याच्या कार्डावरून कळतं, असा माझा पक्का समज होता.

आमचं वाचनालय लहान. एक लांबट खोली, भिंतींना लागून कपाटं, मधे वाचायचं टेबल, दाराजवळ एक बाक आणि बाकासमोर मी. माझ्या हाताखाली एक शिपाई आहे. वयाने माझ्यापेक्षा मोठा, म्हणून सगळे त्याला काका म्हणतात, मीही म्हणते. प्रत्येक वाचकाचं एक पुठ्ठ्याचं कार्ड असतं आणि त्यावर त्याने नेलेल्या प्रत्येक पुस्तकाचं नाव मी माझ्या हाताने लिहिते. कार्ड भरलं की त्याला नवं जोडून दोऱ्याने बांधते. कोणाच्या घरी पाळणा हलणार आहे, कोणाची नोकरी गेली आहे, कोणाचं घरात पटत नाही, सगळं त्या कार्डावर वाचता येतं. इथला एक निवृत्त फौजदार पाच वर्षं नुसत्या प्रेमकथा नेतोय, वर जुन्या वर्तमानपत्राचं कव्हर घालून. हे मला ठाऊक आहे, त्याच्या बायकोला नाही.

तर ही मुलगी. सहा वर्षांची असताना वडिलांचं बोट धरून पहिल्यांदा आली. वडील शिंपी, दोन गल्ल्या सोडून त्यांचं दुकान. गळ्यात टेप तशीच लटकत असायची, खिशात खडू, पँटीला रंगीबेरंगी धाग्यांचे तुकडे चिकटलेले. शाळा लवकर सुटलेली असावी, कारण वाचताना ओळीखाली बोट फिरवायचे. त्यांनी मुलांच्या कपाटातून फताड्याचा पहिला भाग काढला आणि बाकावर बसून पोरीला वाचून दाखवायला सुरुवात केली.

फताड्या म्हणजे एक बदक. पायाने फताडं आणि डोक्याने हट्टी. त्याला समुद्र बघायचा असतो, म्हणून तो डबकं सोडून निघतो. सात भाग, प्रत्येक चोवीस पानांचा. पहिल्या सहा भागांत वाटेत एकेक दोस्त भेटतो, लंगडं कासव, तोतरा बेडूक, बहिरी खार असे एकेक नग. सातव्यात समुद्र येतो. फार जुनी पुस्तकं, आता कुठे विकत मिळत नाहीत. आमच्याकडे तो एकच संच.

शिंपीदादा प्रत्येकाचा वेगळा आवाज काढायचे. तोतऱ्या बेडकाला तर असा काही तोतरवायचे की टेबलाशी बसलेली म्हातारी माणसंही पेपराआडून हसायची. मी चष्म्यावरून बघून म्हटलं, "इथे शांतता पाळायची असते." तर ते म्हणाले, "चुकलो बाई," आणि पुढचं सगळं पान बेडकाच्या आवाजात कुजबुजून वाचलं. मला हसू आलं होतं, पण मी दाखवलं नाही. मी सहसा दाखवत नाही.

कधी दुकानात काम तुंबलेलं असलं की ते दोन पानं एकदम उलटायचे. पोरगी मोठी वस्ताद. लगेच पुस्तकावर तळहात पसरून ठेवायची. "बाबा, पान गाळलंस!" मग शिंपीदादा कितीही ओढू देत, तळहात काही हलायचा नाही. गाळलेलं पान मागे जाऊन वाचलं की मगच हात निघायचा. आठवड्यातून एकदा तरी हा तमाशा माझ्यासमोर व्हायचा.

पुढे ती एकटी यायला लागली. मी तिला 'वाळवी' म्हणायचे, कारण ती कपाटाच्या एका टोकाला लागली की दुसऱ्या टोकाला निघायची. आठव्या वर्षी तिला भुतं लागली, म्हणजे पुस्तकातली. वर्षभर फक्त भुतं, चेटकिणी आणि ओसाड वाडे. एके दिवशी म्हणाली, "बाई, सगळी भुतं सारखीच घाबरवतात," आणि तिने भुतं सोडली ती सोडलीच. मग हेरकथा. तिथे तिने मला भारी मनस्ताप दिला. खुनी कोण ते तिला विसाव्या पानावर कळायचं आणि तिथल्या तिथे पेन्सिलीने त्याच्या नावाखाली रेघ मारून ती 'हाच' असं लिहायची. फौजदारसाहेब तेव्हा हेरकथाच न्यायचे, ते तणतणत आले होते. मी तिला खोडरबर घेऊन बसवलं. सतरा पुस्तकं पुसली तिने, आणि एकाही ठिकाणी तिचा अंदाज चुकलेला नव्हता.

बाराव्या-तेराव्या वर्षी रडकी पुस्तकं. टेबलाशी बसून मुसमुसायची आणि नाक पुसत येऊन विचारायची, "याच्याहून वाईट शेवटाचं आहे का?" मग ताऱ्यांची, मग दूरच्या प्रवासांची. चौदा पूर्ण झाली त्या दिवशी मी तिचं मोठं कार्ड केलं. आता खरं सांगते. मला मूलबाळ नाही. ती पोर माझ्या डोळ्यांसमोर पुस्तकागणिक वाढली होती आणि तिला वाढवलं ते मी, असं मला वाटायचं. माझ्या खणात एक कागद होता, त्यावर तिने पुढे काय काय वाचायचं त्याची मी यादी केली होती. या वर्षी हे, पुढच्या वर्षी ते. तिला त्यातलं काही माहीत नव्हतं. तिच्या पुढ्यात पुस्तक अगदी सहज हाताला लागलं असं वाटावं तसं ठेवायची माझी हातोटी होती.

ती पंधराची झाली आणि एक दिवस तिने वैद्यकाच्या कपाटातलं जाडजूड पुस्तक मागितलं, मेंदूच्या आजारांचं. मला केवढा आनंद झाला! घरी जाऊन बहिणीला फोनवर सांगितलं, "आमची वाळवी डॉक्टर होणार." मुलीचा चेहरा उतरलेला मला दिसला होता. मी म्हटलं, अभ्यासाने.

त्याच सुमारास माझा हिवाळ्याचा कोट त्यांच्या दुकानात नवं अस्तर लावायला आणि नवी काजं करायला दिलेला होता. तो आला तेव्हा काजं वाकडी, अस्तर एका बाजूला ओढलेलं. मी चारचौघांत तिला म्हटलं, "तुझ्या बाबांचं लक्ष कुठे असतं हल्ली? सांग त्यांना, बाई रागावल्यात म्हणावं." ती म्हणाली, "सांगते." आणि मान खाली घालून गेली.

मग माझ्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तीन आठवडे मी घरी होते, वाचनालय काकांच्या हाती. परत आल्यावर पहिलं काम म्हणजे कार्डं बघणं. नव्या लख्ख डोळ्यांनी मी तिचं कार्ड काढलं आणि माझ्या कपाळाला आठ्या पडल्या. फताड्या, भाग एक. फताड्या, भाग दोन. असे ओळीने सहा. पंधरा वर्षांची मुलगी, जिच्यासाठी मी यादी करून ठेवली होती, ती बदकाच्या गोष्टी नेत होती.

आमच्याकडे एक नियम आहे, भिंतीवर टाइप करून लावलेला. मोठं कार्ड झालं की मुलांच्या कपाटातलं पुस्तक मिळणार नाही. तो नियम मीच केला. मोठी मुलं चित्रांची पुस्तकं पळवायची आणि धाकटी रडत परत जायची, म्हणून. नियम चांगलाच होता. वाईट नियम असता तर मी कदाचित त्या दिवशी विचार तरी केला असता.

दुपारी ती आली. सहावा भाग माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "बाई, बरे झाले का डोळे? सातवा भाग हवाय."

"डोळे चांगले झालेत, म्हणून तर दिसलं," मी म्हटलं. "हे काय चाललंय? सहामाही तोंडावर आलीये आणि तू बदकं वाचतेस? मोठं कार्ड कशाला दिलंय तुला?"

"फक्त हा एकच. उद्या आणून देते. उद्या सकाळीच."

"नियम काय आहे?"

तिने भिंतीकडे बघितलंही नाही. "माहितीये बाई. पण एकदा द्या ना."

काका कपाटं पुसत होते, ते मधे पडले. "द्या ना बाई. चोवीस पानं तर आहेत."

काकांनी मधे तोंड घालायला नको होतं. त्यांनी माझ्या माघारी नियम मोडला होता आणि वर मलाच समजावत होते. मी म्हटलं, "काका, तुम्ही फडकं मारा." आणि खणातून एक कादंबरी काढली. सहाशे पानांची, नदीकाठच्या एका घराण्याच्या तीन पिढ्यांची. यादीतलं सगळ्यात मोठं नाव. वर्षभर मी ती तिच्यासाठी हातची राखून ठेवली होती, दुसऱ्या कोणालाही न देता. "हे वाच. आणि मग मला सांग, बदक पाहिजे का म्हणून. माणसाने पुढे जायचं असतं, वाळवे."

तिचे ओठ हलले. काहीतरी सांगायचं होतं तिला. आता मला कळतं काय ते, आणि का सांगितलं नाही तेही. तेव्हा मी कार्डावर कादंबरीचं नाव लिहीत होते, वळणदार अक्षरात. मान वर केली तेव्हा ती पुस्तक छातीशी धरून दारातून बाहेर पडत होती.

दोन आठवडे ती आली नाही. मी मनात खूश. म्हटलं, बुडाली वाचनात. पुस्तकाची मुदत टळली. वाळवीची मुदत आजवर कधी टळली नव्हती. मी काकांजवळ कुरकुर केली, तर काकांनी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"बाई, तुम्हाला कोणी सांगितलं नाही का? तिचे वडील गेले. मलाही काल कळलं, मेहुण्याचे कपडे आणायला गेलो तेव्हा. तुम्ही तिला कादंबरी दिलीत ना, त्याच्या चौथ्या दिवशी. तीन महिने अंथरुणाला खिळून होते म्हणे. उजवी बाजू गेलेली, वाचाही."

मी तिचं कार्ड काढलं. सगळं तिथे लिहिलेलं होतं. मेंदूच्या आजारांचं पुस्तक. त्यानंतर दोन चांगल्या कादंबऱ्या, दोन्ही दुसऱ्याच दिवशी परत. मग बदक, बदक, बदक. माझ्याच अक्षरात आणि काकांच्या अक्षरात. तीन महिने ते कार्ड माझ्या नाकासमोर होतं आणि त्यात मी एक डॉक्टर आणि एक आळशी मुलगी वाचली होती.

मी मुलांचं कपाट उघडलं, सातवा भाग काढला आणि निघाले. काका म्हणाले, "कोट घाला, बाहेर गार आहे." कोट घालताना त्या वाकड्या काजांत बटणं अडकेनात. ती काजं तिच्या आईने केली होती. हे मला तिथे दारात, बटणं लावता लावता कळलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुकानाच्या मागेच त्यांची खोली. पुढे आई मशीनवर बसली होती. मला बघून उठायला लागली, मी खांद्यावर हात ठेवून तिला बसवलं. ती स्वतःच बोलली.

"कोणाला सांगितलं नव्हतं, बाई. शिंप्याचा हात गेला म्हटल्यावर कपडे कोण टाकणार? गिऱ्हाइकांना सांगायचो, बाहेरगावी गेलेत. पोरीलाही बजावलं होतं, अवाक्षर काढायचं नाही. तुमच्या कोटाची मात्र मी वाट लावली. तो त्यांनाच जमायचा."

"कोटाचं सोडा हो," मी म्हटलं. "पोर कुठाय?"

ती आतल्या खोलीत होती. भिंतीकडच्या खाटेवर गादी गुंडाळून ठेवलेली, शेजारी स्टुलावर रिकामा पेला, खिळ्याला त्यांची टेप. ती जमिनीवर बसून कापडाच्या चिंध्या रंगांप्रमाणे वेगळ्या करत होती. मला बघून उठली, फळीवरून माझी कादंबरी काढली आणि पुढे केली. पुस्तकाला तिने निळा कागद घातला होता.

"मुदत टळली, बाई. आणणार होते."

मी ती घेतली नाही. पिशवीतून सातवा भाग काढून तिच्यासमोर धरला. तिने त्या पुस्तकाकडे बघितलं आणि खाली बसली. मीही बसले, कोटासकट, जमिनीवर.

"डॉक्टर म्हणाले होते, त्यांना ऐकवत राहा," ती म्हणाली. "आधी मी माझी पुस्तकं वाचून बघितली. बाबा डोळे मिटून घ्यायचे. लांबलचक वाक्यं त्यांना धरता येत नव्हती. मग मला फताड्या आठवला. पहिलं पान वाचलं आणि बाबा हसले, बाई. अर्ध्याच तोंडाने, पण हसले. बेडकाचा आवाज मला नीट जमेना तर डाव्या हाताने खूण करायचे, अजून तोतरं, अजून तोतरं. असे सहा भाग झाले."

आई दारात येऊन उभी राहिली होती. मुलगी खालच्या आवाजात बोलत होती, वाचनालयात बोलायची तशी.

"सातवा नाही म्हटल्यावर मी ठरवलं, आपणच सांगू. पण मला सातवा येतच नव्हता. लहानपणी रात्री घरी बाबा सगळे भाग एका बैठकीत वाचायचे आणि सातव्याला मी झोपलेली असायची. शेवटी तो समुद्रावर पोचतो, एवढंच मला माहीत. मग मी तुमच्या कादंबरीला निळा कागद घातला, ती मांडीवर उघडली आणि त्यातूनच वाचल्यासारखं केलं. फताड्या चालत चालत निघाला, समुद्र आला, फताड्याला फार आनंद झाला. आणि पान उलटायला गेले."

चिंध्यांतली एक लाल चिंधी तिने उगाच पिवळ्यांत टाकली.

"बाबांनी हात ठेवला, बाई. पुस्तकावर. असा पसरून."

मी त्या बाकावरची सहा वर्षांची पोर बघत होते.

"मी म्हटलं, बाबा, नाही रे गाळलं. ते ऐकेनात. हात काढेनात. मी सोडवायला गेले तर बोटं अशी रुतवली की काय सांगू. मग मी परत पहिल्यापासून सांगितलं, जरा जास्त लांबवलं, समुद्राचं वर्णन केलं. तरी हात तिथेच. शेवटी दमून झोपले, तेव्हा मी पुस्तक काढून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यांची शुद्ध गेली ती परत आलीच नाही." तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. "बाबांना वाटलं असेल, मला कंटाळा आलाय. लवकर संपवायचं म्हणून मी पानं गाळतेय."

"नाही गं," तिची आई दारातून म्हणाली. "असं नाही वाटलं त्यांना."

चूक माझी होती, तिची नव्हती, हे मी तिला म्हटलं. माफ कर म्हटलं. आयुष्यात मी फार कमी वेळा हे शब्द उच्चारले आहेत आणि ते किती अपुरे असतात हे मला त्या खोलीत कळलं. ती म्हणाली, "तुम्हाला कुठे माहीत होतं, बाई." तिने ते मला सोडवण्यासाठी म्हटलं, पण मी त्यातून सुटले नाही. माहीत नव्हतं हे खरं. विचारलं नव्हतं हे त्याहून खरं.

मग तिने पुस्तक उघडलं. पहिल्या पानावर फताड्या वाळूच्या टेकडीपाशी पोचतो. दुसऱ्यावर त्याला पलीकडून गाज ऐकू येते. तिने तिसरं पान उलटलं. पुढच्या दोन्ही पानांवर मिळून एकच चित्र होतं. वाळूवर ओळीने ते सहाही दोस्त उभे होते, कासव, बेडूक, खार, सगळे. फताड्याच्या आधी येऊन, त्याची वाट बघत. आणि पुढची कितीतरी पानं प्रत्येक जण आपापल्या आवाजात त्याला हाका मारत होता. समुद्र यायचा तो त्याच्या नंतर, अगदी शेवटच्या पानावर.

तिने सहाही जणांवरून बोट फिरवलं.

"हे राहिले होते," ती म्हणाली.

आईने पदर डोळ्यांना लावला. मी म्हटलं, "पुढचं मी वाचू का? मला आवाज नाही काढता यायचे, पण वाचते." आणि पान उलटण्यासाठी हात पुढे केला.

तिने त्या चित्रावर तळहात पसरून ठेवला. मी वाट बघत बसले. बाहेर मशीन बंद होतं, दुकानात कोणीतरी येऊन हाक मारून गेलं. तिने हात काढला नाही.